ग्रंथालयात बियाणं कशाला?

टोरांटोच्या सार्वजनिक ग्रंथालयातल्या बियाणं-वाटप, करविवरण मदत, इंग्रजी संभाषणवर्ग अशा उपक्रमांबद्दल काही छापून आलं की पुण्या-ठाण्याहून शेरा ठरलेला: "पुस्तकं द्या, बियाणं कसलं वाटता? लोक वाचत नाहीत, म्हणून ही आमिषं." आमिषं म्हणे!

मार्च-एप्रिलमध्ये इथल्या काही शाखांत कमी उत्पन्नवाल्यांची आयकर विवरणपत्रं मोफत भरून मिळतात. भरणारे स्वयंसेवक, पोलीस-तपासणी झालेले. ग्रंथालयाची फक्त खोली. ३० एप्रिलपर्यंत विवरणपत्र गेलं नाही तर मुलांचा भत्ता अडकू शकतो, हे नुकत्याच आलेल्या कुटुंबाला कोण सांगणार? माहिती गरजवंतापर्यंत पोचवणं हे ग्रंथालयाचं काम नाही, तर कुणाचं?

बियाण्यांचंही शास्त्र आहे. वाचक बी नेतात, लावतात आणि जमलं तर पुढच्या हंगामाचं बी आणून देतात. टोमॅटो, घेवडा, वाटाणा यांचं घरी धरलेलं बी परत घ्यायला हरकत नाही. भोपळ्याचं घेऊ नये: शेजारच्या वाफ्यातल्या दुसऱ्या जातीचे परागकण मधमाशी आणते आणि पुढच्या वर्षी वेलाला भलतंच, क्वचित कडूजहर फळ धरतं. पाकिटावर जात आणि वर्ष नसेल तर ते वाटूच नये. नवागतांच्या इंग्रजी संभाषणवर्गाचंही तसंच: आठ-दहा माणसं पुरेत. त्यात एखादा फाडफाड बोलणारा निघाला की बाकीचे गप्प होतात. तेव्हा लगेच जोड्या पाडायच्या आणि चालकानं स्वतः तोंड आवरायचं.

व्याख्यानमाला आपल्याकडेही होतात, उत्तम होतात. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासूनचं. परंपरेचे धडे आम्ही कॅनडाकडून घ्यायला नकोत. पण व्याख्यानात एक बोलतो आणि सभागृह ऐकतं; संभाषणवर्गात सगळ्यांनी बोलायचं असतं.

खरा फरक पैशाचा. इथल्या १०० शाखा मुख्यतः शहराच्या मालमत्ता करावर चालतात. प्रवेशाला किंवा पुस्तक घरी न्यायला पैसे घेण्यास प्रांताच्या कायद्यानं बंदी आहे. उशिराचा दंडही २०२२ मध्ये गेला. महाराष्ट्राच्या १९६७ च्या ग्रंथालय कायद्यात ग्रंथालय उपकरच, म्हणजे ग्रंथालयांसाठीचा जादा करच, नाही. कर्नाटकात, तमिळनाडूत आहे. आपल्याकडे अनुदानासाठी वाचनालयाचा अ, ब, क, ड वर्ग ठरतो तो मुख्यतः पुस्तकं, सभासद, नियतकालिकं मोजून. मग कपाटं भरतात आणि ग्रंथपालाला तुटपुंजा पगार. त्यानं संध्याकाळी संभाषणवर्गही घ्यावा, ही अपेक्षा निर्लज्जपणाची आहे.

इथलं सगळं आलबेल नाही. ऑक्टोबर २०२३ च्या सायबर हल्ल्यानंतर संगणकव्यवस्था कित्येक महिने कोलमडली, परत आलेली पुस्तकं ट्रेलरमध्ये पडून राहिली. वहीवर नोंदी ठेवणारं आपलं वाचनालय तेव्हा आरामात चाललं असतं.

कर मी इथे भरतो, भांडतो मात्र मराठी वर्तमानपत्राशी. तिकडच्या एकाही वाचनालयाची वर्गणी भरत नाही. लांबून शहाणपणा शिकवतो म्हणाल, तर तसं. इथल्या अर्थसंकल्पावरच्या वादात मला असा राग कधी येत नाही, आणि याचं मलाच बरं वाटत नाही. तरी मागणी सोडत नाही: वर्ग ठरवताना पुस्तकांबरोबर हेही मोजा, की संध्याकाळी सहानंतर पगारी माणूस किती तास हजर होता आणि त्यानं किती जणांचे अर्ज भरून दिले.