उंटावरून उतरून: ‘पीसीडी’ फोटोंबद्दलच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

(वय एकाहत्तर असं तुम्हीच लिहिलंत, म्हणून काका म्हणतोय. चालेल ना?)

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला. दुसऱ्यांदा वाचून झाल्यावर मुकाट्यानं उठलो आणि कपाटातून माझी स्वतःची सीडी शोधून काढली. तिचं काय झालं ते पुढे सांगतो.

ज्यांनी प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: काका तेव्हा न्यू जर्सीत होते. १९९४ साली मुलीच्या बारशाचे रोल धुवायला दिले, तेव्हा सोबत कोडॅकची फोटो सीडी करून घेतली. (तिच्यावरच्या फोटोंच्या फाइली म्हणजेच ‘पीसीडी’.) आता चिंचवडच्या घरी ती लावली तर विंडोज म्हणतं, ही फाइल उघडता येत नाही. जुन्या फाइली कशा उघडायच्या यावरचा माझा मागचा लेख वाचून त्यांनी एक फुकट प्रोग्रॅम उतरवला, ८८च्या ८८ फोटो जेपीजी केले आणि एक मोठा करून छापायला दिला. दुकानदार म्हणाला, “एवढ्याशा फोटोचं पोस्टर होत नाही हो.” शिवाय त्या फोटोत खिडकीपाशी नातीला मांडीवर घेऊन बसलेल्या काकांच्या आईचं पांढरं लुगडं म्हणजे नुसता चुना फासल्यासारखा ठिपका. काठ नाही, चुण्या नाहीत, काही नाही. त्यावर काकांनी मला सुनावलं ते असं: फाइलचं एक्स्टेन्शन (नावामागचं ‘.jpg’सारखं शेपूट) बदलायचा सल्ला ही शुद्ध थाप आहे; निगेटिव्ह पुन्हा स्कॅन करा हे एका ओळीत सांगता आलं असतं; आणि एकूणच मी “उंटावरून शेळ्या हाकतो”.

आधी कबुली. मागच्या लेखात मी लिहिलं होतं, “उघडली, जेपीजी केली, विषय संपला.” विषय तिथे सुरू होतो. हे मला माहीत होतं आणि लेख लांबेल म्हणून मी गाळलं. चूक माझी.

आता फोटो छोटा का आला ते. कोडॅकनं १९९२ साली ही फोटो सीडी बाजारात आणली तेव्हा घरोघरी कॉम्प्युटर नव्हते. टीव्हीला जोडायच्या प्लेअरवर फोटो बघायचे, अशी कल्पना होती. म्हणून एकाच पीसीडी फाइलमध्ये एकाच फोटोच्या पाच मापांच्या प्रती असतात. सगळ्यात छोटी १९२ × १२८ ठिपक्यांची (पिक्सेलची), टीव्हीपुरती मधली ७६८ × ५१२, आणि सगळ्यात मोठी ३०७२ × २०४८. गंमत अशी की मधल्या मापापर्यंतच्या प्रती सरळ, उघड्या लिहिलेल्या असतात. त्यावरच्या दोन मोठ्या प्रती पूर्ण लिहिलेल्याच नसतात. ‘लहान प्रत ताणून मोठी केली तर खऱ्या मोठ्या प्रतीपेक्षा कुठे कुठे किती फरक पडेल’, तेवढा फरक फक्त दाबून भरलेला असतो. तो उलगडायचा तर प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला मेहनत पडते. आळशी प्रोग्रॅम मधली प्रत उचलतो आणि काम झालं म्हणतो. तुम्हाला ४ लाख ठिपक्यांचा फोटो मिळाला. फाइलमध्ये ६३ लाख बसलेले आहेत. ७६८ × ५१२चा फोटो नीट छापायचा म्हटलं तर जेमतेम अडीच इंच रुंद होतो. दुकानदार हसला त्यात त्याची चूक नाही.

तपासायला सोपं आहे. फाइलवर राइट क्लिक करून साइज बघा. पाऊण एमबीच्या आसपास असेल तर आत छोट्याच प्रती आहेत, आणि मग मी काय, कुणीच काही करू शकणार नाही. तीन-चार एमबीच्या पुढे असेल तर मोठी प्रत आत शाबूत आहे.

लुगड्याचं प्रकरण जास्त मजेशीर आहे, आणि जास्त वाईटही. आपल्या नेहमीच्या फोटोत उजेडाची पट्टी ० ते २५५ असते, २५५ म्हणजे पांढराशुभ्र. कोडॅकनं या सीडीसाठी रंग लिहायची स्वतःची पद्धत काढली, तिचं नाव फोटो वायसीसी. तिच्यात पांढऱ्या कागदाइतका पांढरा रंग २५५वर नसतो, तो १८२वर असतो. वरची जागा मुद्दाम मोकळी ठेवलेली, कारण फिल्मवर पांढऱ्याहूनही लख्ख गोष्टी टिपलेल्या असतात: भांड्यावरची चमक, समईची ज्योत, खिडकीतून आलेल्या उन्हातलं लुगडं. आता ज्या प्रोग्रॅमला हे ठाऊक नाही, किंवा ठाऊक असून फिकीर नाही, तो १८२ला ओढून २५५वर नेतो आणि त्याच्या वरचं सगळं सपाट पांढरं करून टाकतो. तुमच्या आईच्या लुगड्याच्या चुण्या बहुधा त्या १८३ ते २५५च्या मधे आहेत. जेपीजीतून त्या कायमच्या गेल्या. पीसीडीत त्या अजून आहेत, फिल्म स्कॅन करताना तिथपर्यंत पोचल्या असल्या तर.

मोडीचा कागद देवनागरीत उतरवायला दिला की असंच होतं. मोडीत ह्रस्व-दीर्घ वेगळं लिहीत नाहीत. ‘दिन’ की ‘दीन’ हे उतरवणारा ठरवतो. त्याचा अंदाज चुकला तर देवनागरी प्रतीवरून ते कळायला काही मार्ग नसतो, मूळ कागदच काढावा लागतो. पण म्हणून पेशवे दफ्तरातले रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे) कुणी वाळवीला खायला घातले नाहीत. आणि मोडी वाचता येत नाही म्हणून “कागद खराब झालाय” असंही कुणी म्हणत नाही. विंडोज मात्र नेमकं तेच म्हणतं, आणि आपण विश्वास ठेवतो. फाइलला बहुतेक वेळा काही झालेलं नसतं, वाचणारा निघून गेलेला असतो. कोडॅकनं या फाइलची आतली मांडणी पूर्णपणे कधी जाहीर केली नाही. फोटोशॉपसारख्या प्रोग्रॅमातली सोय पुढच्या आवृत्त्यांमधून गेली. २०१२ साली खुद्द कोडॅकनंच दिवाळखोरीचा अर्ज केला. त्याआधीच हाडमुट डानिश नावाच्या एका गृहस्थानं फाइली उकलून उकलून मांडणी शोधली आणि ‘एचपीसीडीटूपीपीएम’ नावाचा प्रोग्रॅम लिहिला, म्हणून आज निदान काहीतरी वाचता येतं.

एक्स्टेन्शनबद्दल मात्र मी ऐकून घेणार नाही. पीसीडीचं नाव बदलून जेपीजी करा, असं मी म्हटलेलंच नाही. तसं केल्यानं काही होत नाही, हिंगाच्या डब्यावर ‘साखर’ लिहून चहा गोड होत नसतो. तो परिच्छेद होता ॲपलच्या जुन्या मॅक कॉम्प्युटरवरून आलेल्या फाइलींचा. त्या मॅकवर फाइलच्या नावाला शेपूट लागत नसे. ती कसली आहे हे चार अक्षरी खुणेनं वेगळं नोंदलेलं असे. फाइल विंडोजच्या डिस्कवर नकलली की ती खूण गळून पडते आणि उरतो ‘सहल ३’ नावाचा एक बेवारशी ठोकळा. अशी फाइल नोटपॅडमध्ये उघडायची. सगळा कचरा दिसेल. त्या कचऱ्यात अगदी सुरुवातीला रोमन अक्षरांत ‘जेएफआयएफ’ किंवा ‘एक्झिफ’ वाचता आलं तर ती जेपीजीच आहे, आणि तिला नुसतं शेपूट लावून दिलं की ती उघडते. ‘जीआयएफ८९ए’ दिसलं तर जिफ. तुमच्या पीसीडीतही अशी खूण असते, पण ती सुरुवातीला सापडत नाही, २०४८ बाइट पुढे असते. नोटपॅड बंद करताना ‘सेव्ह करू का’ विचारलं तर नाही म्हणायचं. हे एवढं मी मागच्या वेळी लिहिलं होतं काका, तुमच्या नजरेतून निसटलं.

निगेटिव्हबद्दल तुमचं म्हणणं तत्त्वतः बरोबर आहे. निगेटिव्ह चांगल्या असतील तर आजचा स्कॅनर त्या जुन्या सीडीपेक्षा जास्त काढेल. पण ‘चांगल्या असतील तर’! आमच्या निगेटिव्ह रत्नागिरीच्या घरी पत्र्याच्या ट्रंकेत होत्या. तीस पावसाळे. मी ट्रंक उघडली तेव्हा आंबूस वास आला, व्हिनेगरचा असतो तसा. फिल्मचा ॲसिटेट कुजायला लागला की हाच वास येतो. पट्ट्या एकमेकींना चिकटलेल्या, आणि सुटी झाली त्या पट्टीवर, आजोबांच्या चेहऱ्यावर, बुरशीचं कोळ्याच्या जाळ्यासारखं नक्षीकाम. कापसानं पुसायला गेलो तर आजोबांचा गालच कापसावर आला. तुमच्या निगेटिव्ह न्यू जर्सीहून चिंचवडला आल्या का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. आल्या असतील तर आजच काढून बघा. नसतील तर सीडी हीच तुमची निगेटिव्ह.

आणि म्हणूनच माझ्या सीडीची गोष्ट. आत्याच्या यजमानांनी पाठवलेली, सोनेरी, वर त्यांच्याच अक्षरात मार्करनं ‘दिवाळी’ लिहिलेलं. २००९ साली मी तिच्यातले फोटो असेच मधल्या मापात जेपीजी केले. विषय संपला. मग बाल्कनीत कबुतरांनी उच्छाद मांडला होता तेव्हा घरातल्या सगळ्या ‘निकामी’ सीड्या दोऱ्याला बांधून लटकवल्या, त्यात तीही. वर्षभर उन्हात. सीडीवर लिहिलेलं सगळं एका रंगाच्या थरात असतं आणि ऊन त्या थराचा वैरी. नंतर अक्कल आल्यावर उतरवून ड्राइव्हमध्ये घातली तर ९६पैकी ३१ फोटो वाचले गेले. बाकीचे माझ्याकडे आहेत ते अडीच इंची. कबुतरं ती गेलीच नाहीत.

तेव्हा तुमच्याकडे सीडी अजून आहे, हे तुमच्या प्रतिक्रियेतलं मला सगळ्यात आवडलेलं वाक्य.

आता करायचं काय. सगळ्यात आधी सीडीची जशीच्या तशी नक्कल हार्ड डिस्कवर आणि आणखी एका ठिकाणी. फोटो ‘फोटो_सीडी’ फोल्डरच्या आत ‘इमेजेस’मध्ये असतील, पण अख्खी सीडीच उचला. एकाच सीडीवर वेगवेगळ्या वेळी रोल भरून घेता येत असत, त्यामुळे पाकिटावरच्या छोट्या चित्रांची संख्या आणि फाइलींची संख्या जुळते का ते मोजा. मग ‘पीसीडीटूजेपेग’ नावाचा फुकट प्रोग्रॅम वापरा. दिसायला रुक्ष आहे, बटणं नाहीत, काळ्या खिडकीत कमांड लिहावी लागते. पण मोठी प्रत काढतो आणि ते १८२चं गणित त्याला कळतं. जमलं नाही तर भाच्याला किंवा शेजारच्या कॉलेजच्या मुलाला बसवा, दहा मिनिटांचं काम आहे. ‘फाइल अपलोड करा, आम्ही बदलून देतो’ म्हणणाऱ्या वेबसाइटींच्या वाटेला जाऊ नका. घरच्या बायकामुलांचे फोटो कुठल्या दारी जातायत ते कळत नाही, आणि त्यांचंही माप बहुतेकदा मधलंच. फोटो मनासारखे निघाले तरी पीसीडी फाइली ठेवायच्याच. ८८ फोटोंना फार तर अर्ध्या जीबीच्या आसपास जागा लागेल.

मागच्या लेखातलं ‘विषय संपला’ मी आज काढलंय, आणि तिथे तुमच्या प्रतिक्रियेचा दुवा दिलाय.

एक राहिलं. नवी फाइल उघडायच्या आधी एक काम करा. आईच्या त्या लुगड्याचा काठ कोणत्या रंगाचा होता, ते आठवत असेल तर कागदावर लिहून ठेवा. काकूंना वेगळं विचारा, त्यांनाही लिहू दे. मग फोटो उघडा आणि काय निघालं ते मला कळवा.