ट्रोपोनिन निगेटिव्ह आला म्हणून ओवा खाऊन झोपू नका

‘डॉक्टरांची लूट टाळा, रक्ताचा रिपोर्ट स्वतः वाचा’ हा मेसेज बरेच दिवस फिरतोय. मी दुर्लक्ष करत होते. पण परवा मावशीने फॅमिली ग्रुपवर लिहिलं की जिना चढताना छाती भरून येते. तिला मधुमेह आहे. त्यावर एका भाच्याने हाच मेसेज चिकटवला आणि वर निकालही दिला, ‘मावशी, कोलेस्टेरॉल १७० आहे तुझं, गॅस असणार.’ तिने कार्डिओलॉजिस्टची अपॉइंटमेंट रद्द केली. ती पुन्हा घ्यायला लावली आहे. आता मेसेजचं बघू.

‘कोलेस्टेरॉल २०० च्या आत, तर अटॅक नाही.’ खोटं. २००९ साली अमेरिकन हार्ट जर्नलमध्ये एक अभ्यास आला. हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या आजाराने दाखल झालेल्या १ लाख ३६ हजारांहून अधिक रुग्णांचे लिपिड (रक्तातली चरबी) त्यात तपासले होते. जवळपास निम्म्यांचं एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, १०० च्या खाली निघालं. म्हणजे एलडीएल निरुपयोगी, असं नाही (लगेच तिकडे उडी मारू नका). मधुमेह, रक्तदाब, तंबाखू यांचा हिशेब त्या एका आकड्यात मावत नाही, एवढंच.

‘छातीत दुखलं तर लॅबमध्ये ट्रोपोनिन करा. निगेटिव्ह आला तर ओवा घेऊन झोपा.’ हे वाचून मात्र माझं डोकं फिरलं. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की ट्रोपोनिन हे प्रथिन रक्तात उतरतं, पण त्याला वेळ लागतो. जुन्या पद्धतीच्या चाचणीत तो दिसायला तीन ते सहा तासही जातात. कळ आल्यावर अर्ध्या तासात रक्त दिलंत, तर अटॅक चालू असतानाही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. म्हणून हॉस्पिटलात एक-दोन किंवा तीन तासांनी पुन्हा रक्त घेतात. मेसेज त्यालाच ‘बिल वाढवण्याची युक्ती’ म्हणतो!

युरोप-अमेरिकेतल्या हृदयरोग संघटनांनी २०१८ साली हार्ट अटॅकची व्याख्या एकत्र बसून नव्याने मांडली. तिच्यात एका आकड्यावर काहीच ठरत नाही. ट्रोपोनिन मर्यादेच्या वर हवा, तो चढता किंवा उतरता दिसायला हवा, आणि जोडीला लक्षणं, ईसीजीतले बदल असा काही पुरावा हवा. उलट बाजूही आहे. किडनीचा जुना आजार, हृदयाच्या स्नायूची सूज, फुफ्फुसात अडकलेली गुठळी, यांतही तो वाढतो. आणि अनस्टेबल अँजायनात (हृदयाला रक्त कमी पडून अचानक बळावणारं छातीचं दुखणं) रक्तवाहिनी धोकादायक अरुंद असूनही तो नॉर्मल राहू शकतो. ईसीजीवर मोठा अटॅक स्पष्ट दिसला तर डॉक्टर ट्रोपोनिनसाठी थांबतही नाहीत. छातीत दुखणाऱ्याचा ईसीजी पोहोचल्यापासून दहा मिनिटांत निघावा असा दंडक आहे, आणि इथे सल्ला काय, तर लॅबचा मुलगा घरी येऊन रक्त नेईल, संध्याकाळी पीडीएफ येईल!

‘डावा हात दुखत नसेल तर हार्ट नाही.’ बायका, म्हातारी माणसं आणि मधुमेही यांच्यात नुसती धाप, घाम, मळमळ, जबड्यात किंवा पाठीत कळ एवढंच असू शकतं. पुढे.

‘एकटे असाल तर जोरजोरात खोकत राहा.’ हा मुद्दा जुना, इंग्रजी ईमेलच्या काळापासूनचा. त्याला एका अमेरिकन हॉस्पिटलचं नाव जोडलेलं असायचं, त्या हॉस्पिटलने केव्हाच हात झटकले. कॅथलॅबमध्ये (अँजिओग्राफी करतात ती खोली), मॉनिटर लावलेल्या रुग्णाचे ठोके अचानक बिघडले, तर डॉक्टर काही सेकंद खोकायला लावतात, तिथून ही गोष्ट निघाली. अमेरिकन हार्ट असोसिएशन घरी असं करायला सांगत नाही. १०८ लावा, दाराची कडी काढून बसा, स्वतः गाडी चालवू नका.

राहिला शेवटचा, ‘लॅबवाले धडधाकट माणसालाही आजारी ठरवतात.’ यात अर्धं खरं आहे, कबूल. नॉर्मल रेंज बहुतेकदा निरोगी लोकांपैकी मधल्या ९५ टक्क्यांवरून ठरते. एकमेकींशी संबंध नसलेल्या २० तपासण्या केल्या, तर ठणठणीत माणसाचाही एखादा आकडा ठळक छापून येण्याची शक्यता ६४ टक्के. नमुन्यातल्या पेशी फुटल्या तर पोटॅशियम उगाच जास्त दिसतं. पण खरोखर वाढलेलं पोटॅशियम हृदय बंद पाडू शकतं, आणि कागदावर दोन्ही सारखेच दिसतात. फरक कळायला नमुना पुन्हा द्यावा लागतो, ईसीजी काढावा लागतो. ‘स्वतः वाचा’वाल्या मेसेजमध्ये या दोन्हींचा पत्ता नाही.