दारफाळणीचा सण आणि योनाची गोष्ट

योम किप्पूर म्हणजे ज्यूंचा प्रायश्चित्ताचा आणि उपासाचा दिवस, पण माझी आजी हा शब्द फारसा वापरायची नाही. ती म्हणायची, "दारफाळणीचा सण." आम्हा बेने इस्राएलांच्या, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंच्या, घरांत सणांना अशीच मराठी नावं होती. नवं वर्ष म्हणजे नव्याचा सण, यरुशलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा उपास म्हणजे बिरड्याचा रोजा, आणि किप्पूरच्या दुसऱ्या दिवशी शिळा सण. दारफाळणीला घराची दारं लावून घ्यायची, पांढरं नेसायचं, कुणाला शिवायचं नाही, पाण्याचा थेंबही तोंडात घ्यायचा नाही. पिढ्यान्‌पिढ्या आमच्या लोकांच्या हाती हिब्रू पोथी नव्हती. हिब्रू शिकणं फार उशिरा आलं, कोचीनच्या ज्यूंकडून आणि पुढे मिशनऱ्यांकडून. १८३२ साली मिशनरी जॉन विल्सन यांनी मराठीतून हिब्रूचं व्याकरण छापलं, ते आमच्याच लोकांसाठी. पण नाव बघा किती नेमकं राहिलं! किप्पूरच्या शेवटच्या प्रार्थनेला 'नेइला' म्हणतात, म्हणजे दरवाजे बंद होण्याची वेळ. पोथी नसताना आमच्या बायकांनी दार तेवढं लक्षात ठेवलं.

हे आज लिहायचं कारण असं, की शास्त्रातली वचनं आता फुलांच्या चित्रावर छापून सकाळी सकाळी मोबाईलवर येतात. मला त्याचं वाईट वाटतं. तनाखमधलं, म्हणजे आमच्या हिब्रू शास्त्रातलं, पुस्तक ज्या दिवसासाठी नेमून दिलंय त्या दिवशी, उपाशीपोटी, सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचावं. तेव्हाच ते आपल्याला धरतं. एरवी ते फक्त छान वाटतं.

किप्पूरच्या दुपारी, मिन्हाच्या म्हणजे दुपारच्या प्रार्थनेच्या वेळी, योना नावाच्या संदेष्ट्याचं पुस्तक वाचतात. चारच अध्याय. लहानपणी त्यातला योनाला गिळणारा मासाच काय तो आठवायचा. पण मासा हा त्या गोष्टीतला सगळ्यात लहान भाग आहे. देव योनाला निनवे शहराला इशारा द्यायला जायला सांगतो, आणि हा याफो बंदरावर जाऊन भाडं भरून उलट्या दिशेच्या जहाजात बसतो. का? भीतीनं नाही. कारण तो स्वतःच चौथ्या अध्यायात सांगतो: तू दयाळू आहेस, तू त्यांना क्षमा करशील, हे मला ठाऊकच होतं. निनवे म्हणजे अश्शूरचं महानगर, आजच्या मोसुलजवळचं. याच अश्शूरनं पुढे इ.स.पू. ७२२च्या सुमारास इस्राएलचं उत्तरेचं राज्य मोडलं, माणसं हाकून नेली. ज्यांच्यावर हे गुदरलं त्यांच्याच वंशजांनी, वर्षातल्या सगळ्यात पवित्र दिवशी, त्या शत्रूला माफी मिळाल्याची गोष्ट वाचायची. ही निवड ज्यांनी केली त्यांच्यापुढे मी हात जोडते.

योनाचा निनवेतला उपदेश हिब्रूत फक्त पाच शब्दांचा आहे. चाळीस दिवस, मग निनवे 'नेहपाखेत'. या शब्दाचे दोन अर्थ निघतात: शहर उलथून पडेल, किंवा शहर बदलेल. मराठीत आपल्याकडे 'पालटेल' आहे, त्यात दोन्ही मावतात. योनाला पहिला अर्थ हवा होता, घडला दुसरा. राजापासून गुराढोरांपर्यंत सगळ्यांनी गोणपाट नेसलं. आणि मिश्ना, म्हणजे ज्यू धर्मशास्त्राचा जुना संग्रह, इथे एक गोष्ट नेमकी टिपते: देवानं त्यांचं गोणपाट पाहिलं, उपास पाहिला असं लिहिलेलं नाही, देवानं त्यांची कृत्यं पाहिली असं लिहिलंय. 'माझा उपास पूर्ण झाला' असं समाधानानं सांगणाऱ्या आपण सगळ्यांनी हे वाचायला हवं. मिश्ना तर याहून स्पष्ट बोलते. माणसानं माणसाचं केलेलं वाईट किप्पूर धुऊन देत नाही, जोवर त्या माणसाची समजूत काढली जात नाही. मध्ययुगातले धर्मपंडित रंबम पुढे सांगतात की तीनदा माफी मागितली तरी जो देत नाही, त्याच्याच माथी पाप येतं.

२०२५ साली किप्पूर २ ऑक्टोबरला आला, दसऱ्याच्याच दिवशी. ठाण्याच्या सिनेगॉगमध्ये, आमच्या प्रार्थनास्थळात, मी पांढऱ्या साडीत बसले होते, जीभ टाळूला चिकटलेली, बाहेरून कुठून तरी ताशाचा आवाज. योना चौथ्या अध्यायात आला. शहराबाहेर मांडव घालून रुसून बसला. देवानं त्याच्यावर एक झाड वाढवलं, बरेच जण ते एरंड मानतात. दुसऱ्या दिवशी पहाटे किडा लागला, झाड वाळलं, आणि योना झाडासाठी मरण मागू लागला.

माझी चुलत बहीण इस्राएलमधल्या अश्दोदला असते. गावच्या घराच्या वाटणीवरून आमचं चार वर्षं बोलणं नव्हतं. किप्पूरच्या आधीच्या एलूल महिन्यात, सलीहोत म्हणजे क्षमायाचनेच्या प्रार्थना चालू असताना, ताईनं मला तीनदा फोन केला होता. मी स्क्रीनवरचं नाव बघत बसले, उचलला नाही. चूक तिची होती, आजही माझं मत तेच आहे. पण त्या बाकावर मला कळलं की एरंडाखाली मीच बसले आहे.

योनाचं पुस्तक प्रश्नावर संपतं. ज्यांना उजवा हात कुठला नि डावा कुठला कळत नाही अशी एक लाख वीस हजारांहून जास्त माणसं तिथे आहेत, आणि पुष्कळ गुरं, मग मी त्या शहराची कीव करू नये काय? योनाचं उत्तर लिहिलेलंच नाही. पुस्तक तिथेच थांबतं, आणि थोड्याच वेळात नेइला सुरू होते.

रात्री घरी आले तर शेजारच्या वहिनींनी आमच्या कडीत आपट्याचं पान खोचून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी, शिळ्या सणाला, साडेदहा वाजता मी फोन लावला. तिकडे आठ वाजले होते. ताईनं लगेच उचलला. मी म्हटलं, "ताई, तू तीनदा केलास, मी मुद्दाम उचलला नाही." ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "उपास नीट गेला ना गं?" घराचं आम्ही बोललो नाही. ते अजून तसंच आहे.