खोपटं, बॅटरी आणि बाबांचे चुलतभाऊ

आमच्या कट्ट्यावर कुणी ‘मी एक ठरवलंय’ म्हणालं की सगळ्यांना आधी राजीनामाच दिसतो. म्हणून बंड्याने सुरुवातीलाच सांगून टाकलं, नोकरी सोडत नाहीये. बेत वेगळा होता. पणजोबांनी सोडून दिलेली डोंगरातली जमीन. विजेचे खांब कधी पोचलेच नाहीत, शेवटचा टप्पा पायवाटेचा. तिथे एका खोलीचं लाकडी घर बांधायचं. वीज सूर्याची, पाणी पावसाचं आणि झऱ्याचं. सुट्टीत मुलांना घेऊन जायचं. “आपली मुळं कुठली, हे त्यांना कळायला नको?”

“मुळं पाण्याकडे जातात,” नाना म्हणाले. “झरा कुठाय?”

“आहे तिकडे कुठेतरी. बाबा सांगायचे.”

नाना पुढे काही बोलले नाहीत. इंजिनियरला मात्र राहवेना. त्याने खिशातला कागद काढून मांडीवर पसरला आणि बंड्याला एकेक वस्तू मोजायला लावली. दिवे, लॅपटॉप, छोटा फ्रिज, पाण्याचा पंप. एक किलोवॅटचं पॅनेल बसवणार म्हणतोस ना? लख्ख ऊन असेल तर दिवसाला चारेक युनिट धर. फ्रिजला एक गेलं. बंड्या खुशीत येऊन म्हणाला, तीन उरली की!

“आणि इन्व्हर्टर? तो नुसता चालू ठेवला तरी खातो. तीस वॅट धर, चोवीस तासांचे सातशे वीस वॅट-तास, आणि हजाराचं एक युनिट. पाऊण युनिट झालं, आणि अजून एकही दिवा लावलेला नाहीस!”

हे मला खरंच ठाऊक नव्हतं. सगळे एलईडी दिवे आणि लॅपटॉप मिळून जेवढी वीज घेतील, तेवढी हा डबा कोपऱ्यात बसून गिळणार. उपाय सोपा आहे, रात्री बंद करायचा, दिवे सरळ बारा व्होल्टवर चालवायचे. पण ते आधी सुचायला हवं. मग बॅटरी. शिशाची घेतलीस तर क्षमतेच्या निम्मीच वापरायची, नाहीतर लवकर मान टाकते. लिथियम फॉस्फेटवाली ऐंशी-नव्वद टक्के देते, पण शून्याच्या खाली थंडी गेली की ती चार्ज करायची नाही. दाट ढगांत पॅनेलचं उत्पादन दहा-वीस टक्क्यांवर येतं, आणि ढग काही एक दिवस थांबून जात नाहीत. एका फांदीची सावली पॅनेलच्या कोपऱ्यावर पडली तरी तेवढ्याशा सावलीच्या मानाने फटका फार मोठा.

“मग पॅनेलं वाढवतो.”

“वाढव. पण आधी गीझर खोड. दोन किलोवॅटचा गीझर अर्धा तास म्हणजे एक युनिट. पाणी चुलीवर तापव, आणि लाकूड वर्षभर आधी फोडून वाळत घाल. ओलं जाळलंस की धुराड्यात डांबर साचतं आणि एक दिवस धुराडंच पेटतं.” शौचखड्डा पाण्यापासून तीस मीटर लांब आणि उताराच्या खालच्या अंगाला, जनरेटर घराबाहेर, झोपायच्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म, कारण त्या विषारी वायूला वास नसतो. हे त्याने एका दमात सांगितलं आणि बंड्याने ते एका कानाने ऐकलं.

त्याचं लक्ष तिथे नव्हतंच. त्याने मोबाइलवर प्रोएनेके काढला. अमेरिकेतला डिक प्रोएनेके १९६८ मध्ये, पन्नाशी ओलांडलेली असताना, अलास्कातल्या ट्विन लेक्सवर गेला. हातातल्या साध्या हत्यारांनी ओंडक्यांचं घर उभारलं आणि जवळजवळ तीस वर्षं तिथेच काढली. पुढे ते घर तिकडच्या ऐतिहासिक वास्तूंच्या राष्ट्रीय यादीत गेलं. “एकट्या माणसाने! त्याच्याकडे कुठला इंजिनियर होता?”

वकीलबाई एवढा वेळ गप्प होती. “घर बांधेपर्यंत तो राहत कुठे होता रे?”

बंड्याने पान खाली सरकवलं. “मित्राच्या केबिनमध्ये.”

“आणि सामान?”

“विमानाने यायचं. ओळखीचा पायलट होता.”

“म्हणजे मित्राचं छप्पर आणि पायलटची फेरी. याला तू एकटा म्हणतोस!”

मला त्यावर लिकोव्ह कुटुंब आठवलं, ते मी सांगितलं. १९७८ मध्ये सायबेरियाच्या जंगलात भूगर्भशास्त्रज्ञांना ही माणसं सापडली. धर्मापायी होणाऱ्या छळातून निसटून १९३६ मध्ये आत शिरलेली. १९६१ साली जूनमध्ये बर्फ पडला, सगळं पीक गेलं. पोरांच्या तोंडी चार घास पडावेत म्हणून आई उपाशी राहिली आणि त्यातच गेली. राय धान्याचा एकच दाणा उगवून आला. त्याभोवती कुंपण घालून रात्रंदिवस उंदीर-खारींपासून राखण केली, तेव्हा त्या कणसातून अठरा दाणे मिळाले आणि बियाणं पुन्हा सुरू झालं. परक्यांनी आणलेल्या वस्तूंमधलं सुरुवातीला त्यांनी घेतलं ते फक्त मीठ. एकटं राहता येतं, यात वाद नाही. पण मीठ कुणीतरी आणूनच द्यावं लागतं.

“मी काय जंगलात पळून चाललोय का?” बंड्या चिडला. “महिन्यातून दोन दिवस शांत बसायचंय. तुम्ही पार सायबेरियात नेलंत मला.”

मुद्दा बरोबर होता त्याचा. पण वकीलबाई आता मूळ विषयाला हात घालणार होती.

“जमीन कुणाच्या नावावर आहे?”

“पणजोबांच्या.”

“ते जाऊन किती वर्षं झाली? वाटणी झाली नसेल तर तिथल्या प्रत्येक ढेकळात प्रत्येक वारसाचा हिस्सा आहे. तू बांधशील मधोमध, आणि कुणीतरी चुलत-चुलत भाऊ उगवेल. आणि ती पायवाट कुणाच्या जमिनीतून जाते? जायचा हक्क नसेल तर घर होऊन उपयोग काय, हेलिकॉप्टर घेणारेस?”

बंड्याकडे यालाही उत्तर होतं, कुठून वाचून आला होता कोण जाणे. नॉर्वेत म्हणे वडिलोपार्जित शेत घराबाहेर विकलं गेलं तरी रक्ताच्या वारसाला ते परत विकत घेता येतं. ओडेल म्हणतात त्या हक्काला, १८१४ पासून राज्यघटनेत आहे. “मुळांना तिथे कायदा मान देतो. आपणच हसतो.”

“पुढचं वाचलं नाहीस. तो हक्क बजावला की काही वर्षं तिथे राहून शेती करावी लागते. सुट्टीत फोटो काढायला मिळत नाही ते. आणि थोरल्या बहिणीला धाकट्या भावाच्या आधी नंबर मिळायला १९७४ चा कायदा यावा लागला. तुझ्या आत्या धरल्यास का वारसांत?”

धरल्या नव्हत्या. खरं तर बाबांच्या चुलतभावांशीही बोलणं नव्हतं त्याचं. “त्यांना मध्ये घेतलं की समिती होते. एकाला पत्रे हवेत, दुसऱ्याला कौलं, आणि तिसरा म्हणणार विकून टाकू. शांततेसाठी चाललोय मी, सर्वसाधारण सभेला नाही.”

हे त्याचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. सामायिक घरं कशी पडतात ते सगळ्यांनी पाहिलंय. छप्पर सगळ्यांचं असतं, म्हणून गळती कुणाचीच नसते. इंजिनियरही याबाबतीत त्याच्या बाजूचा निघाला. म्हणाला, परवानगी सगळ्यांची घे, पण बांधकाम आणि देखभाल एकाच्याच डोक्यावर ठेव. वकीलबाईला ते पटलं नाही. कागदावर न उतरलेली परवानगी पुढच्या पिढीत भांडण होऊन येते, म्हणाली. तिथे दोघांची जुंपली.

ती थांबल्यावर नानांनी विचारलं, “पणजोबा तिथून निघाले का?”

बंड्याला माहीत नव्हतं.

“जुन्या घराचं जोतं कुठे होतं?”

तेही नाही. मला वाटतं, सबंध चर्चेत कामाचे प्रश्न हे दोनच. झरा आटला म्हणून निघाले, दरड आली म्हणून, की भावाशी बिनसलं म्हणून? पहिल्या दोन कारणांनी घराची जागा ठरते, तिसऱ्याने पुढची सगळी बोलणी. यातलं काहीही पॅनेल विकणारा सांगणार नाही. ज्यांना तो समिती म्हणतोय, त्यांच्यातच कुणीतरी ते पाहिलेलं असणार. बंड्याला मुलांना मुळं दाखवायची आहेत ना, मग ती त्या म्हाताऱ्यांना विचारत फिरण्यातच बरीचशी दिसतील. घर बांधून होवो न होवो.

“फोन लाव,” नाना म्हणाले. “आत्ता. सगळ्यांत म्हातारे कोण?”

बराच वेळ नाही-हो करून बंड्याने एका काकांना लावला, आणि आमच्या आग्रहाखातर स्पीकरवर ठेवला. काकांचा पहिला प्रश्न, “काय रे, जमीन विकायचीय का?” विकायची नाही, राहायचंय, हे त्यांना दोनदा सांगावं लागलं. मग झऱ्याचं विचारलं.

“कुठला? वरचा की खालचा? खालचा उन्हाळ्यात दगा देतो. वरचा मी कधी आटलेला पाहिला नाही.”

इंजिनियर ताडकन उठला. “किती वर? घराच्या जागेपेक्षा दहा मीटर उंच असेल तर एक बार दाब आपसूक मिळतो. पंपच नको!” आणि त्याने कागदावरचा पंप खोडूनही टाकला.

वकीलबाई फोनकडे वाकून हळूच म्हणाली, “काका, तो वरचा झरा कुणाच्या हिश्श्यात येतो हो?”