तळं माझं, निर्माल्य अण्णांचं

रविवारी सकाळी ब्रश तोंडात धरून मागच्या दारी गेलो, तर तळ्यात झेंडूचं फूल तरंगत होतं. मग सुकलेला गजरा. मग दूर्वांची जुडी. आणि कुंपणापलीकडे शेजारचे अण्णा, सोवळ्यात, हातात रिकामं ताम्हण.

तळं म्हणजे सहा बाय चार, दीड फूट खोल, जेमतेम हजार लिटर. दीड महिना मी त्यातल्या शेवाळाशी झगडतोय. औषध नको, गप्पी मासे आहेत. म्हणून कुमुदिनीच्या पानांनी निम्मं पाणी झाकलं, ऊन अडावं म्हणून. माशांना दोन मिनिटांत संपेल एवढंच खाणं. दोरीसारखं शेवाळ रोज काठीला गुंडाळून, शेवया काढाव्यात तसं बाहेर. परदेशात म्हणे जवाचा पेंढा टाकतात. आमच्याकडे जव मिळतात ते पूजेच्या दुकानात, पुडीत!

"अण्णा, हे काय?"

"निर्माल्य."

"ते दिसतंय. पण इथे?"

"मग कचऱ्यात टाकू? देवाचं आहे."

"कुजेल ना ते. त्यातनं नायट्रोजन, फॉस्फरस सुटतं. शेवाळाला पंगतच."

"अहो, त्या दिवशी तुम्हीच सांगत होतात, केमिकल नको, सगळं नैसर्गिक. मग फुलं काय प्लॅस्टिकची आहेत?"

यावर तोंडात पेस्टचा फेस असलेला माणूस काय बोलणार? मी थुंकून आलो.

"पूर्वी नदीवर जायचात ना?"

"गुडघे हो. आणि नदीचं पाणी बघितलंत? शी! देवाचं तिथे टाकायला मन होत नाही. तुमचं कसं, स्वच्छ आहे." मग तळ्यात वाकून बघत, "जरा हिरवं झालंय. पाणी बदला की एकदा सगळं!"

मार्चमध्ये बदललं होतं. बोअरच्या पाण्यातनं नवे क्षार आले, पाणी निवळ ठेवणारे जुने जिवाणू वाहून गेले, आणि आठवड्यात तळ्याची पालकाची पातळ भाजी झाली. पण हे अण्णांना सांगणार कोण?

कोपऱ्यावर निर्माल्य कलश आहे. आमच्या फाटकापासून ऐंशी पावलं, मी मोजलीत. त्यात दुधाच्या पिशव्या आणि तसबिरींच्या काचा असतात, ते सोडा. मुठा नदीत दर उन्हाळ्यात जलपर्णी माजते. आपण पुलावर नाक दाबून 'कोणी काही करत नाही' म्हणतो आणि कठड्यावरच्या जाळीवरून पिशवी भिरकावतो, तीही गाठ मारून. हे लिहितानासुद्धा माझं डोकं तापतंय. बायको म्हणते, एवढ्याशा गजऱ्यासाठी? एवढासा नव्हता. हातभर होता, आणि त्याच्या दोऱ्यात एक गप्पी अडकला होता. सोडवला. जगला.

काल संध्याकाळी अण्णा पुन्हा कुंपणाशी.

"ती गुलाबी कळी उद्या उमलेल ना? मंगळवार आहे, गणपतीला वाहीन म्हणतो."

पहिलीच कळी होती. "न्या," म्हणालो. शेजार आहे, शिडी त्यांचीच लागते.

बुधवारी पहाटे मी जाळी घेऊन तळ्याकाठी बसणार आहे.