बिल्ड सावकाश होऊ द्या

हल्ली ज्याला त्याला बिल्ड (लिहिलेल्या कोडचा चालता प्रोग्रॅम तयार करणं) झटपट हवा असतो. ही घाई बरी नव्हे. ‘बिल्ड लावलाय’ म्हटलं की मॅनेजरचंसुद्धा तोंड बंद होतं, निवांत चहा होतो, शेअर बाजारात डोकावून होतं. पगारी सुख आहे हे, आणि काही उतावळे लोक ते हिरावून घ्यायला निघालेत. त्यांना वेळीच आवरण्यासाठी काही सूचना.

बिल्ड फेल झाला की आधी क्लीन मारा, म्हणजे आधीचं तयार झालेलं सगळं पुसून पहिल्यापासून सुरुवात. एरर वाचू नका.

अँटिव्हायरसला बिल्ड फोल्डरमधली एकेक फाइल तपासू द्या. तुमच्याच कंपायलरनं आत्ता तयार केली म्हणून काय झालं? आजकाल भरवसा धरावा असं राहिलंय कोण!

ग्रेडल म्हणजे बिल्ड चालवणारं टूल. त्याच्या डीमनला, म्हणजे मागे चालू राहणाऱ्या प्रोसेसला, मेमरी ठरवून दिली नाही तर तो ५१२ एमबीत भागवतो. भागवू द्या की. प्रोजेक्टची मॉड्यूलं वाढली म्हणून लगेच खर्च वाढवायचा नसतो.

मेक हे बिल्डचं जुनं टूल वापरत असाल तर दोन राजमार्ग आहेत. एक म्हणजे एकदम किती कामं चालवायची ते सांगणारं ‘-जे’ द्यायचंच नाही. एका वेळी एकच काम चालतं, घाईगर्दी नाही. दुसरा म्हणजे आकडा न टाकता नुसतं ‘-जे’ द्यायचं. मग मेक हाती लागतील तेवढी कामं एकदम सोडतो, रॅम संपते, माउस गोठतो, आणि ‘पॅरलल आपल्या मशिनला झेपत नाही’ असं मीटिंगमध्ये छातीठोकपणे सांगायला तुम्ही मोकळे. प्रोसेसरचे कोअर मोजून आकडा टाकणाऱ्या चिकित्सक लोकांपासून लांब राहा.

एवढं करूनही कुणी कुरकुर केली तर नवा लॅपटॉप मागा. निम्मं काम एकामागून एकच होणारं असेल तर कितीही कोअर लावा, वेग दुपटीपुढे जात नाही, हे जीन अ‍ॅमडाल १९६७ सालीच मांडून बसलेत. परचेसवाल्यांना ते कळवायची गरज नाही.

आता मुख्य सूचना. पॅरलल चालू केल्यावर बिल्ड अधूनमधून फेल व्हायला लागला, तर कारण शोधायच्या भानगडीत पडू नका. ग्रेडल डॉट प्रॉपर्टीज ही सेटिंगची फाइल उघडा, पॅरललच्या ओळीत ट्रूचं फॉल्स करा, वर ‘टेम्पररी, हात लावू नये’ अशी कमेंट टाका आणि पुश करा. परवा मला नेमकी हीच ओळ सापडली. कुठला कोअर किती कामात आहे ते दाखवणारा एचटॉप लावून बघत होतो: एक पट्टी टोकापर्यंत भरलेली, बाकीचे कोअर जवळपास कोरे. ही टेम्पररी ओळ कधीची आहे ते गिटनं सांगितलं, पण इथे लिहीत नाही, उगाच कुणाच्या जिव्हारी लागायचं.

आणि बिल्ड फेल का होत होता? एक मॉड्यूल कोड जनरेट करतं. दुसरं मॉड्यूल थेट पाथ टाकून पहिल्याच्या बिल्ड फोल्डरमधून तो उचलतं. आधी कुणी चालायचं, हे कुठेच लिहिलेलं नाही. एकामागून एक चालवताना जनरेटवाल्याचं नाव अक्षरक्रमात आधी येतं, म्हणून आजवर निभावलं. पॅरलल केलं की दोघं एकदम सुटतात, आणि दुसऱ्याच्या हाती कधी अर्धा कोड लागतो, कधी काहीच नाही. आमचा ग्रेडल ७ तर स्वतःच ओरडतो की या टास्कचं आउटपुट तो टास्क वापरतोय, पण डिपेंडन्सी जाहीर केलेली नाही. दोन्ही टास्कची नावं घेऊन! आमच्या लॉगमध्ये ती वॉर्निंग रोज छापून येत होती. पण वॉर्निंगांचं काय, त्या येतातच.

अहो, एका ओळीचं काम होतं ते! ‘हे आधी, मग ते’ सांगणारं एक ‘डिपेंड्स ऑन’ लिहायचा कंटाळा, आणि त्यापायी अख्खी टीम एका कोअरवर बसवलीत. वर स्टँडअपला ‘बिल्ड फार स्लो आहे हो’ म्हणून तुम्हीच गळा काढता? वेळ कुठे जातो ते प्रोफाइल लावून एकदा तरी बघितलंत? आधी झालेलं काम पुन्हा वापरणाऱ्या बिल्ड कॅशची ओळ एकच असते, तीही कुणी टाकलेली नाही. बिल्डच्या स्क्रिप्ट एकदा वाचून लक्षात ठेवणारी कॉन्फिगरेशन कॅशही आहे, तरी प्रत्येक कमांडला सगळ्या स्क्रिप्ट पहिल्यापासून वाचल्या जातात, कारण काय तर एका जुनाट प्लगइनला ते चालत नाही. मग प्लगइन अपडेट करा ना! नसेल जमत तर काढून टाका. आणि सीआयच्या, म्हणजे सर्व्हरवर आपोआप होणाऱ्या बिल्डच्या, स्क्रिप्टमध्ये ते क्लीन कुणी घुसवलंय तेही मला माहीत आहे. आजच्या आज काढा ते.