ब्रायनीला माझ्याकडून माफी नाही

काल रात्री आईसोबत ‘अटोनमेंट’ हा इंग्रजी सिनेमा पुन्हा पाहिला. आज डबा खाताना मैत्रिणीला सांगितलं तर ती म्हणाली, "बिचारी ब्रायनी, जन्मभर झुरली गं. आणि शेवटी स्वतः लिहिलेल्या पुस्तकात तरी बहिणीला आणि रॉबीला एकत्र आणलंच ना तिने!" माझा घास घशातच अडकला. बिचारी?

१९३५ चा उन्हाळा. मावसबहिणीवर बलात्कार होतो आणि तेरा वर्षांची ब्रायनी पोलिसांना ठासून सांगते, तोच होता, मी पाहिलं. आणि त्याच घरात काम करणाऱ्या बाईचा मुलगा, केंब्रिजला शिकून आलेला निर्दोष रॉबी, तुरुंगात जातो. सगळे पुढच्या महायुद्धातल्या, फ्रान्समधल्या डंकर्कच्या किनाऱ्यावरच्या त्या पाचेक मिनिटांच्या सलग शॉटचं कौतुक करतात. आहेच तो भारी. पण मला रडू फुटतं ते पोलिसांची गाडी निघते तेव्हा. रॉबीची आई छत्रीने त्या गाडीवर फटके मारत सुटते, खोटारडे, खोटारडे म्हणत.

माझी आई ओरडली नव्हती. बाबा एका पतसंस्थेत कॅशियर. चार हजार दोनशे रुपये कमी भरले आणि शेजारच्या टेबलावरचा माणूस म्हणाला, "मी पाहिलं." बाबांनी पदरचे पैसे भरले, राजीनामा दिला आणि पुढची अकरा वर्षं सातपूरला किराणा दुकानात पुड्या बांधल्या. संध्याकाळी गोदाघाटावर जायचे, तेही सोडलं. कुणी ओळखीचं भेटायला नको.

ब्रायनी लहान होती, मान्य. कॉलेज सोडून नर्स झाली, तेही मान्य. पण तुरुंगातून सैन्यात गेलेला रॉबी जून १९४० मध्ये डंकर्कजवळ जखम चिघळून गेला. त्याची प्रेयसी, ब्रायनीची बहीण सिसिलिया, त्याच वर्षी लंडनमध्ये बाल्हमच्या भुयारी स्टेशनात. वर बॉम्ब पडला, खाली पाणी शिरलं. मग माफी मागितली कुणाची? कागदाची?

आपली गोदावरी तर प्रायश्चित्तातूनच आली म्हणतात. गौतम ऋषींवर गोहत्येचा आळ आला, तोही कपटाने, तरी ब्रह्मगिरीवर तप त्यांनीच केलं. नाशकात जन्म गेला माझा, पण आळ घेणाऱ्यांनी पुढे काय केलं हे मला कुणी सांगितलं नाही.

बाबा गेल्यावर सहा वर्षांनी तो माणूस घरी आला. पेढ्यांचा पुडा घेऊन. "वहिनी, पैसे मीच उचलले होते." ढसाढसा रडला. मला त्याला हाकलून द्यायचं होतं. आईने चहा टाकला. त्याचा पिऊन झाल्यावर म्हणाली, "भावजी, हे यांना सांगायचं होतं." जिना उतरताना त्याचे खांदे हलके झालेले दिसले मला, आणि त्याचाच राग अजून जात नाही. आला तरी, एवढं म्हणेन. पुष्कळ जण तेवढंही करत नाहीत. पुडा आईने उघडलाच नाही.

आईला इंग्रजी येत नाही. काल मी मधूनमधून गोष्ट सांगत होते, ती लसूण सोलत होती. म्हातारी ब्रायनी मुलाखतीत सगळं कबूल करते, तिथे आईचे हात थांबले. सिनेमा संपल्यावर तिने एवढंच विचारलं, "त्या छत्रीवाल्या बाईला कुणी जाऊन सांगितलं का गं?"